बाहेरचे साक्षीदार

आमच्या ऑफिसात तिला सगळे साक्षीताई म्हणायचे. नवीन अशील आलं की त्याला वाटायचं, बाईंचं नावच साक्षी. ती ते कधी दुरुस्त करायची नाही. "हाक मारल्यावर ओ दिली म्हणजे झालं, नाव काय करायचंय," म्हणायची. खरं नाव तिच्या रबरी शिक्क्यावर होतं, खाली ऑफिसचा पत्ता, आणि एकतीस वर्षं ती तो शिक्का लोकांच्या मृत्युपत्रांवर आपल्या सहीखाली मारत आली. तिचं काम एवढंच. कुणीतरी आपल्या मृत्युपत्रावर सही करतंय हे डोळ्यांनी बघायचं आणि 'मी बघितलं' म्हणून खाली आपली सही करायची. पण ते एवढंसं काम तिनं जसं केलं तसं करणारं दुसरं माणूस मला भेटलेलं नाही. आणि मी काही ऊठसूट कुणाचं कौतुक करणारी बाई नव्हे, हे मला ओळखणारा कुणीही सांगेल.

मी तिथली टायपिस्ट. ऑफिस म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खाली चष्म्याचं दुकान. आतली खोली वकीलसाहेबांची. बाहेरच्या खोलीत आम्ही तिघं: साक्षीताई, शिपाईकाका आणि मी. मधल्या दाराला अर्धी काच होती, पण साहेब काही काचेतून बघायच्या भानगडीत पडायचे नाहीत, सरळ आतून ओरडायचे. "बाहेरच्यांपैकी कुणीतरी या." "हे कागद बाहेरच्यांकडे द्या." "बाहेरच्यांनी चहा घेतला का?" आम्ही म्हणजे बाहेरचे. आम्हीही आपापसात तसंच म्हणायचो. बाहेरच्यांना या वर्षी तरी पगारवाढ आहे का, वगैरे. या एका शब्दानं काय करून ठेवलं ते पुढे येईलच. मला तो शब्द आता उच्चारवतही नाही, पण सांगायला बसले आहे तर उच्चारायला हवा.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. आमच्याकडे ते म्हणजे साक्षीताई आणि शिपाईकाका. आणि नियम असा, की ज्याला त्या मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्यानं साक्षीदार व्हायचं नाही. झालाच, तर मृत्युपत्र टिकतं, पण त्याच्या वाट्याचं त्याला मिळत नाही. वाटेकऱ्यानंच साक्ष दिली तर तिच्यावर विश्वास कोण ठेवणार, म्हणून. हा नियम ताई जिना चढून येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायची. "घरातलं कुणी नको, ज्याचं नाव आत आहे तो तर नकोच नको. आम्ही दोघं आहोत ना, आम्हाला कोण काय देतंय?" लोक हसायचे, आणि सुटल्यासारखे खुर्चीत बसायचे.

सही व्हायची आतल्या खोलीत, दार लावून. आत फक्त सही करणारा आणि दोन साक्षीदार. साहेबसुद्धा बाहेर येऊन उभे राहायचे. कागद ताई स्वतः दुमडून घ्यायची, शेवटचं पान तेवढं वर. मजकूर तिनं एकदाही वाचला नाही. मी एकदा विचारलं, "ताई, इतक्या वर्षांत कधी बघावंसं वाटलं नाही? मी तर टाइप करता करता दोनदोनदा वाचते. कुणी मुलीला वगळतंय, कुणी कुत्र्याची सोय करतंय." तर म्हणाली, "मी हात बघायला जाते गं. पत्र वाचायला नाही."

हात बघण्याआधी मात्र ती माणूस बघायची. तीन प्रश्न विचारायची, गप्पा मारल्यासारखे. कशानं आलात? सोबत कोण आहे? मनापासून करताय ना, कुणी भरीला तर घातलं नाही? पहिल्या दोन उत्तरांवरून डोकं ठिकाणावर आहे की नाही ते कळतं, आणि तिसऱ्यावरून उरलेलं, असा तिचा हिशेब. एकदा एक मोठे व्यापारी आले होते, थकलेले, मुलानं कोपराला धरून आणलेले. मुलाला ताईनं बाहेर बसवलं. तिसरा प्रश्न विचारल्यावर म्हाताऱ्यानं उत्तर देण्याआधी दाराच्या काचेकडे बघितलं. एवढंच. ताईनं पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "आज नको. बरं वाटलं की एकटे या." मुलानं बाहेरच्या खोलीत असा काही तमाशा केला की खालचा चष्मेवाला वर आला. साहेबांचं मोठं अशील हातचं गेलं. पण तीन महिन्यांनी म्हातारा टॅक्सी करून एकटा आला, वेगळंच मृत्युपत्र सांगितलं आणि सही करून गेला. साहेब यावर एक शब्द बोलले नाहीत. त्यांना तिचा धाक होता, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑफिसातून चालत बारा मिनिटांवर तिची खोली होती. खाली शिवणकामाचं दुकान, वर एकच खोली, मागच्या अंगणाकडे खिडकी, भिंतीतलं कपाट आणि एका कोपऱ्यात ओटा. सकाळी आठला खाली मशिनं सुरू झाली की तिच्या कपातला चहा थरथरायचा. घर शिवणवाल्या मावशींचं. ताई तिथं राहायला आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. भावाच्या घरात जागा नव्हती असं ती कधी म्हणाली नाही, "वहिनीला दुसरं मूल झालं," एवढंच म्हणायची. ज्यांना समजायचं ते समजायचे. लग्न झालं नाही. का, ते मी विचारलं नाही आणि मला विचारायचा अधिकारही नव्हता. बत्तीस वर्षं ती त्या खोलीचं भाडं पहिल्या तारखेला खाली नेऊन द्यायची. करार तोंडी. मावशींना कागदाचा कंटाळा होता, आणि आमची ही बाई, जगाचे कागद पक्के करणारी, हिनं स्वतःसाठी साधी भाड्याची चिठ्ठी करून घेतली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मावशींचं स्वतःचं असं कुणी नव्हतं. एक भाचा होता, बहिणीचा मुलगा, फर्निचरच्या दुकानाचा मालक. वर्षातून दोनदा यायचा, येताना मिठाई आणायचा, जाताना छताकडे बघून जायचा. आणि दुकानात एक काजेवाली होती. कपड्यांची काजं करायची, बटणं लावायची, अठ्ठावीस वर्षं मावशींच्या उजव्या हाताला बसून. मावशींचे डोळे अधू झाल्यावर दुकान तीच चालवत होती म्हणा ना.

तर एका मंगळवारी मावशी आमच्या ऑफिसात आल्या. बोलावलं होतं गुरुवारी. पण डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यानं त्यांना दुसऱ्याच दिवशी बोलावलं होतं, आणि त्यांना कागद आधी करून टाकायचा होता. साहेब कोर्टात. मी फोन लावला. साहेब घाईत म्हणाले, "मी स्वतःच टाइप केलंय, पाकीट टेबलावर आहे. वर लिहिलंय कसं करायचं ते. करून घ्या." स्वतः टाइप केलंय म्हटल्यावर मला रागच आला होता, माझ्यावर विश्वास नाही की काय. पाकिटावर पेन्सिलीनं लिहिलं होतं: साक्षीदार बाहेरचे.

मी वाचलं आणि मनात म्हटलं, हे काय लिहायची गोष्ट झाली? नेहमी तर बाहेरचेच असतात. आणि दारातून हाक मारली, "ताई, काका, मावशी आल्यात, या जरा आत."

हे मी केलं. साहेबांना म्हणायचं होतं ऑफिसाबाहेरचे, परके, खालच्या दुकानातले. मी वाचलं बाहेरच्या खोलीतले. साहेबांना वीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं की त्यांचा हा शब्द आमच्यासाठी ठरून गेलाय. आणि ताई, ती तरी थबकायला हवी होती ना? घरमालकीण आपली, आणि मृत्युपत्र तिचं. पण आपल्याला कुणी काही ठेवून जाईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं. भाडेकरणीला खोली कोण ठेवतं? दहा मिनिटांत तिघं बाहेर आली. मावशी हसत होत्या. मी पाकीट चिकटवलं, साहेबांच्या कपाटात ठेवलं, आणि आम्ही चौघांनी चहा घेतला.

मावशी त्यानंतर पाच वर्षं जगल्या. त्यांच्याआधी वर्षभर शिपाईकाका गेले, जिन्यातच, छातीत दुखून. मावशी मात्र अंथरुणात शांतपणे गेल्या. सगळं आटोपल्यावर साहेबांनी भाच्याला आणि काजेवालीला बोलावलं. आणि ताईलाही म्हणाले, "तुम्हीही बसा. तुमचं नाव आहे."

ती बसली. आतल्या खोलीत अशिलाच्या खुर्चीवर मी तिला पहिल्यांदा बघितलं. हात मांडीवर ठेवून बसली होती. साहेबांनी पाकीट फोडलं आणि वाचायला सुरुवात केली. खालचं दुकान, मशिनांसह, काजेवालीला. नावावर करायचं म्हणजे कोर्टाची फी आणि इतर खर्च आलाच, म्हणून बँकेतल्या ठेवीतून आधी तो भरायचा, "म्हणजे खर्च भागवण्यासाठी कुणाला मशीन विकावं लागू नये." हे वाक्य मावशींचंच असणार, साहेबांना असं लिहिता येत नाही. मग वरची खोली. मागच्या अंगणातून जाण्यायेण्याच्या हक्कासह. आणि ताईचं ते शिक्क्यावरचं पूर्ण नाव. बाकीचं उरलंसुरलं सगळं भाच्याला.

ताईचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. दोन मिनिटं, फार तर तीन. मग साहेबांनी शेवटचं पान उलटलं.

"ही सही..." साहेब म्हणाले. चष्मा पुसला, परत बघितलं. "ताईंना सहीला कुणी बोलावलं?"

"मी," मी दारातून म्हटलं. "तुम्हीच लिहिलं होतं, साक्षीदार बाहेरचे."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. ताईला समजायला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो नियम तिनं स्वतः हजार वेळा सांगितला होता. तिनं फक्त विचारलं, "मग ती खोली कुणाकडे जाते?"

"उरलंसुरलं जे आहे त्यात," साहेब म्हणाले.

भाचा तोवर खर्चावरून कुरकुरत होता, परक्यांचा खर्च आमच्या ठेवीतून का म्हणून. हे ऐकल्यावर गप्प झाला.

साहेबांनी नंतर दार लावून ताईला सांगितलं, की चूक माझी आहे, तुम्ही माझ्यावर दावा लावा, मी भांडणार नाही. ती म्हणाली, "तुमच्यावर दावा लावायला मला वकील कोण देणार? तुम्हीच?" साहेब हसले नाहीत. त्यांची स्वतःची तब्येत तेव्हा ढासळलेली, वकिली जवळजवळ बंद, मुलाकडे जाऊन राहायचं ठरत होतं. त्यांच्याकडून काढण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि असतं तरी तिनं काढलं नसतं. मी त्या आठवड्यात तीनदा तिची माफी मागितली. तिसऱ्यांदा ती वैतागून म्हणाली, "बास आता. तू मुद्दाम केलंस का? मग कशाला माझं डोकं खातेस?"

पण गोष्ट इथं संपत नव्हती. भाच्यानं मृत्युपत्रालाच हरकत घेतली. म्हणजे ते आता कोर्टात शाबीत करायचं, आणि त्यासाठी साक्षीदारांपैकी कुणीतरी उभं राहून सांगायला हवं, की हो, त्यांनी माझ्यासमोर सही केली. काका नाहीत. सही होताना साहेब कोर्टात आणि मी दाराबाहेर. उरली एकटी ताई.

भाचा ऑफिसात आला. माणूस वाईट नव्हता, पण बोलणं साखरेत घोळवलेलं. माझ्यादेखतच बोलला, मी टायपिस्ट म्हणजे त्याच्या लेखी भिंतीवरचं घड्याळ. "ताई, मृत्युपत्र टिकलं तर दुकान त्या बाईंना जाणार आणि माझ्या हाताला तुमची एक खोली. मग मला ती लागणारच, तुम्हीच सांगा. पण नाही टिकलं तर घर सगळं माझ्याकडे येतं. मी खालचं दुकान भाड्यानं देईन. वरच्या खोलीशी मला काय करायचंय? तुम्ही राहा की, मरेपर्यंत राहा, याच भाड्यात. लिहून देतो, नोंदवून देतो. तुम्ही खोटं बोलायचं नाही. फक्त 'आठवत नाही' म्हणायचं. इतक्या सह्या केल्यात तुम्ही, एखादी नाही आठवत. कोण काय म्हणणार आहे?"

ताई म्हणाली, "विचार करते." मला वाटलं होतं ती त्याला जिना दाखवेल. तिनं खरंच विचार केला, कितीतरी दिवस. तिचं वय अठ्ठावन्न, पगार बेताचा, तोही साहेबांचं ऑफिस चालू आहे तोवर. त्या भाड्यात तशी खोली शहरात कुठं मिळणार नाही हे तिलाही ठाऊक होतं.

आणि आता मी माझं सांगते, लपवून काय उपयोग. मी तिला म्हटलं, "म्हण ना आठवत नाही." एकदा नाही, रोज म्हटलं. डब्यात भाजी वाढताना म्हटलं, जिना उतरताना म्हटलं. "काजेवाली तुझी कोण लागते? तिला हातात कला आहे, कुठंही काजं करेल. तू कुठं जाणार?" ताईची काळजी होती हे खरं, पण तेवढंच नव्हतं. ती त्या खोलीत राहिली असती तर माझी चूक पुसली गेली असती. दुसऱ्याच्या खोट्यावर मला सुखानं झोपायचं होतं. मला त्याची लाज वाटते.

काजेवाली एकदा तिच्या खोलीवर आली. मी तिथंच होते. ही बाई मितभाषी, मावशींनी सगळं बोलायचं आणि हिनं सुईत दोरा ओवायचा, अशी सवय झालेली. दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "ताई, माझ्यामुळे खोली सोडू नका. मी दुसऱ्या दुकानात विचारून आलेय. ते घेतात म्हणाले."

"कुठल्या दुकानात?" ताईनं विचारलं.

तिनं नाव सांगितलं. ताई म्हणाली, "ते तर काजं मशिनवर करतात."

"बटणं लावायला घेतात म्हणाले," काजेवाली म्हणाली, आणि निघून गेली. त्यानंतर ताई मला म्हणाली, "तू आता मला रोज रोज सांगू नकोस." मग मी सांगितलं नाही.

कोर्टाच्या दिवशी ती नेहमीचीच निळी साडी नेसून आली. मी साहेबांना धरून मागच्या बाकावर बसले. भाचा पुढे, काजेवाली अगदी भिंतीला टेकून. ताई काय म्हणणार हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

न्यायाधीशबाई तरुण होत्या. त्यांनी शेवटचं पान पुढे करायला सांगितलं. "ही सही तुमची आहे?"

ताईनं पान हातात घेतलं, नेहमीच्या सवयीनं मजकुराची पानं मागे दुमडली, आणि म्हणाली, "हो. माझी आहे."

भाच्यानं मान खाली घातली. पुढचं ती न अडखळता बोलली. मंगळवार होता, दुपारचे साडेबारा. आधी मावशींनी सही केली, मग मी, मग शिपाईकाकांनी. तिघंही आत होतो, दार बंद होतं. मावशींना नीट दिसत नव्हतं, त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, सही मला डोळे मिटून येते, फक्त ओळ दाखव. मी बोट ठेवून ओळ दाखवली.

"त्या शुद्धीवर होत्या, स्वतःच्या मर्जीनं करत होत्या, हे तुम्ही कशावरून सांगता?"

"मी विचारलं होतं. मी सगळ्यांना विचारते. कशानं आलात म्हटलं, तर म्हणाल्या, चालत, तू येतेस तशी. सोबत कोण? म्हणाल्या, कुणी नाही, काजेवालीला दुकानात बसवून आलेय, तिला सांगितलंय डॉक्टरकडे चालले म्हणून. मग विचारलं, मनापासून करताय ना, कुणी भरीला तर नाही ना घातलं?"

इथं ती थांबली. मला वाटलं विसरली. न्यायाधीशबाईंनी वाट बघितली.

"त्या हसल्या," ताई म्हणाली. "म्हणाल्या, भरीला घातलं असतं तर बरं झालं असतं गं. जिला द्यायचंय ती कधी काही मागतच नाही." आणि ती रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "माफ करा."

भाच्याचा वकील उठला. त्यानं एकच विचारलं, "या मृत्युपत्रात तुम्हाला खोली दिली आहे आणि या सहीमुळे ती तुम्हाला मिळणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे."

"तरीही सही तुमचीच?"

"माझीच आहे," ताई म्हणाली, "मग दुसऱ्या कुणाची म्हणू?"

वकील खाली बसला. निकाल त्याच आठवड्यात लागला. मृत्युपत्र शाबीत. दुकान काजेवालीचं, आणि ताईला खोली रिकामी करायला एक महिना.

पण मला आठवतो तो साक्षीचाच दिवस. साहेबांना गाडीत बसवून मी परत आले तेव्हा ताई कोर्टाच्या पायऱ्यांवर बसली होती. काजेवाली तिच्या पायाशी खालच्या पायरीवर. मी शेजारी बसले. ताई म्हणाली, "मला त्या वेळी वाटलं होतं, त्या काजेवालीबद्दल बोलतायत."

मी हमसून हमसून रडले. तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "अगं, आठवत नाही म्हटलं असतं तर खोली राहिली असती, पण ती भाच्यानं दिलेली. मावशींनी मला दिली होती हे कुठं राहिलं असतं? आता कोर्टाच्या कागदावर आहे. मिळाली नाही ते वेगळं."

थोड्या वेळानं ती उठली, साडी झटकली, पर्स खांद्याला लावली. दोन पायऱ्या उतरली आणि माझ्याकडे वळून, जरा अवघडून म्हणाली, "माझं एक काम करशील? तुझ्या घराच्या आसपास एखादी खोली मिळते का बघ ना."